हजार रुपयांच्या आसपास चांगली वाइन कशी निवडावी: सांगलीच्या ग्राहकासाठी मार्गदर्शन

सांगली-मिरजेच्या वाइन शॉपमध्ये हजार रुपयांच्या आसपासची बाटली घेणाऱ्याने एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. या किमतीतली वाइन वाइनरीतून बहुतेक वेळा चांगलीच बाहेर पडते. तिचे नुकसान होते ते वाटेतल्या टेम्पोत, दुकानाच्या फळीवर आणि शेवटी आपल्याच घरात, उन्हाळ्याच्या उष्णतेने आणि महिनोन्महिने पडून राहिल्याने. त्यामुळे किमतीपेक्षा सरस चवीची बाटली हवी असेल, तर प्रसिद्ध नावांच्या मागे लागण्याऐवजी ताजी आणि उष्णतेपासून वाचलेली बाटली ओळखायला शिकावे, आणि ती योग्य थंडाव्यावर, तिला झेपेल अशा जेवणासोबत उघडावी. पुढचे विवेचन याच क्रमाने केले आहे. जो घेत नाही त्याने वाइन सुरू करावी, असा याचा हेतू मुळीच नाही. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. जे घेतातच, त्यांनी कमी घ्यावी आणि चांगली घ्यावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

किमतीत नेमके काय येते

काचेची बाटली, बूच किंवा फिरकीचे झाकण, लेबल, खोके, वाहतूक आणि दुकानदाराचे कमिशन यांवरचा खर्च स्वस्त आणि महाग बाटलीत तुलनेने सारखाच असतो. परिणामी सगळ्यात स्वस्त बाटलीत प्रत्यक्ष द्राक्षांवर आणि वाइन बनवण्यावर खर्च करायला फारच थोडे पैसे उरतात. त्याच कंपनीच्या एक पायरी वरच्या बाटलीसाठी आपण जे दोन-अडीचशे रुपये जास्त मोजतो, त्यातला बराच भाग मात्र आतल्या द्रवाच्या वाट्याला येतो. आणखी वर गेले, की पैसे ओक लाकडाच्या पिंपांना, पिंपांत मुरवण्याच्या काळाला आणि नावाला जाऊ लागतात. म्हणून तळाची पायरी सोडून दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर थांबणे सर्वांत फायद्याचे ठरते.

यात महाराष्ट्रातल्या ग्राहकाला एक खास लाभ आहे. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले आणि राज्यातल्या द्राक्षांपासून बनणाऱ्या वाइनला उत्पादन शुल्कात मोठी सवलत दिली. परदेशी वाइनवर याउलट १५० टक्के आयात शुल्क हा अनेक वर्षांचा सर्वसाधारण दर राहिला आहे. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला, तेव्हा पाच डॉलरहून महाग बाटलीवरचे शुल्क १०० टक्क्यांवर आणि पंधरा डॉलरहून महाग बाटलीवरचे ७५ टक्क्यांवर आले, आणि पुढे ते टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. पण अगदी स्वस्त बाटल्यांना त्या सवलतीचा उपयोग नाही. याचा सरळ अर्थ असा, की सांगलीत हजार-बाराशे रुपयांना मिळणारी परदेशी बाटली तिच्या मायदेशात अगदी खालच्या दर्जाची असण्याचा संभव मोठा असतो, आणि तेवढ्याच पैशांत नाशिकची किंवा अकलूजची मधल्या दर्जाची वाइन येते. ‘इम्पोर्टेड’ या शब्दापुढे हात सैल करण्याचे या किमतीत काही कारण नाही.

किमतीचा आकडा आपल्या जिभेलाही फसवतो. २००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी लोकांना एकच वाइन दोन वेगवेगळ्या किमती सांगून चाखायला दिली. जास्त किंमत ऐकल्यावर लोकांना ती अधिक आवडली, आणि मेंदूतल्या सुखद अनुभवाशी निगडित भागाची हालचालही वाढलेली दिसली. हे टाळण्याचा उपाय पुढे दिला आहे.

द्राक्ष कोणते निवडावे

तासगाव, मिरज, पलूस भागातल्या वाचकाला द्राक्षाबद्दल निराळे सांगावे लागत नाही, पण वाइनचे द्राक्ष आपल्या बागेतल्या द्राक्षापेक्षा वेगळे असते. थॉमसन, सोनाका, माणिक चमन या खाण्याच्या जाती. त्यांचा मणी मोठा, साल पातळ आणि बी नाही. वाइनच्या जातींचा मणी लहान, साल जाड आणि आत बिया असतात, कारण लाल वाइनचा रंग सालीतून आणि तुरटपणा साल व बिया यांतून येतो. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळ छाटणी आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी हा क्रम मात्र तोच. फेब्रुवारी-मार्चच्या वाढत्या उन्हात मण्यातली साखर भराभर चढते आणि आंबटपणा तितक्याच वेगाने उतरतो. आंबटपणा गेलेली वाइन सपक लागते, म्हणून आपल्या हवामानात जे द्राक्ष आंबटपणा टिकवून धरते, तेच थोड्या पैशांत चांगली वाइन देते.

फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातून आलेले शेनिन ब्लांक हे पांढऱ्या वाइनचे द्राक्ष त्यात अग्रभागी आहे. ऊन सोसूनही त्याचा आंबटपणा बऱ्यापैकी शाबूत राहतो, वेलीला माल भरपूर येतो आणि त्याच्या वाइनला महागड्या पिंपांची गरज पडत नाही. नाशिकच्या सुला कंपनीने २००० मध्ये बाजारात आणलेल्या पहिल्या वाइनमध्ये शेनिन ब्लांक आणि सोविन्यो ब्लांक याच दोन होत्या. आज सुला, यॉर्क, फ्रातेल्ली, ग्रोव्हर झाम्पा या सगळ्यांकडे शेनिन मिळते. पहिलीच बाटली घ्यायची असेल, तर माझा निःसंशय सल्ला शेनिन घ्यावी असा आहे. दुसरी पसंती सोविन्यो ब्लांकला द्यावी. तिला पेरू, ढोबळी मिरची, ताजे कापलेले गवत यांच्या जवळ जाणारा वास असतो आणि ती सहसा कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली असते. तिसरी पसंती गुलाबी रोझेला. आपल्याकडे रोझेकडे ‘ना धड लाल, ना धड पांढरी’ म्हणून दुर्लक्ष होते, पण तिखट जेवणासोबत ती लालपेक्षा कितीतरी बरी चालते.

लाल वाइन कमी पैशांत चांगली मिळणे कठीण असते. साल आणि बियांचा तुरटपणा पुरता पिकलेला नसला, तर ती घशात कोरडी, कडवट उतरते, आणि उष्णतेत पडून राहिली की फळाचा वास उडून तो कडवटपणाच मागे उरतो. तरीही लालच हवी असेल, तर याच किमतीच्या कॅबर्ने सोविन्योपेक्षा शिराझ घ्यावी. शिराझमध्ये फळाचा स्वाद भरदार असतो आणि तुरटपणा मऊ वाटतो. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूज भागात फ्रातेल्लीने इटलीचे सँजोवेसे हे द्राक्ष लावले आहे. त्याची वाइन हलकी आणि आंबटपणाकडे झुकणारी असते, म्हणून लाल वाइनमध्ये ती आपल्या टोमॅटो-कांद्याच्या रश्श्याला बऱ्यापैकी साथ देते.

पलूसला राज्याच्या २००१ च्या त्याच धोरणातून वाइनरींसाठी वाइन पार्क उभे राहिले होते. ते अपेक्षेइतके फुलले नाही, आणि आपल्या जिल्ह्याची द्राक्षे आजही मुख्यतः खाण्यासाठी आणि बेदाण्यासाठीच जातात. कृष्णाकाठच्या द्राक्षाची वाइन सांगलीच्या दुकानात सहज मिळावी, ही माझी मनापासूनची इच्छा आहे, परंतु सध्या निवड करायची ती नाशिक, अकलूज आणि बारामती-दौंड पट्ट्यातल्या मालातूनच.

लेबल वाचताना

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वर्ष. लेबलावरचे वर्ष हे द्राक्ष तोडणीचे वर्ष असते. पांढरी आणि गुलाबी वाइन या किमतीत मुरवून ठेवण्यासाठी बनवलेलीच नसते. ती चालू किंवा फार तर मागच्या वर्षाच्या तोडणीची असावी. फेब्रुवारीत तोडलेल्या द्राक्षांची पांढरी वाइन साधारण पावसाळ्याच्या सुमाराला बाजारात येऊ लागते, त्यामुळे दिवाळीच्या खरेदीत त्याच वर्षाची बाटली मागणे वावगे नाही. लाल वाइन दोन-तीन वर्षांची चालते. वर्ष छापलेलेच नसेल, तर बाटली भरल्याचा महिना आणि वर्ष पाहावे. पांढरी वाइन तीन उन्हाळे पाहिलेली असेल, तर ती सवलतीत मिळाली तरी घेऊ नये.

नंतर गोडवा पाहावा. लिटरमागे चार ग्रॅमपर्यंत साखर असलेली वाइन सर्वसाधारणपणे कोरडी, म्हणजे ‘ड्राय’ मानतात. ‘ऑफ ड्राय’ किंवा ‘सेमी स्वीट’ लिहिले असेल, तर जिभेला जाणवेल इतका गोडवा आहे असे समजावे. सुलाची शेनिन अशी किंचित गोडसर आहे, आणि नवख्या माणसाला तीच आधी आवडते. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. ‘पोर्ट’ नावाने मिळणाऱ्या स्वस्त, गडद, गोड बाटल्यांपासून मात्र दूर राहावे. खरी पोर्ट पोर्तुगालच्या दौरू खोऱ्यात होते. आंबवण चालू असतानाच तिच्यात द्राक्षाचे स्पिरिट घालून गोडवा राखलेला असतो. आपल्याकडच्या स्वस्त पोर्टमध्ये साखरेखाली द्राक्षाची चव दबून जाते.

‘रिझर्व्ह’ या शब्दालाही भुलू नये. स्पेनमध्ये लाल वाइनवर ‘रेसेर्वा’ लिहायचे, तर ती किमान तीन वर्षे मुरवावी लागते आणि त्यातले एक वर्ष लाकडी पिंपात काढावे लागते. आपल्याकडे तो शब्द म्हणजे उत्पादकाने स्वतःच्या मालात केलेली वरची प्रत, एवढेच. ती प्रत चांगली असू शकते, परंतु शब्दाने तिची हमी मिळत नाही.

दुकानात बाटली हातात घेतल्यावर

सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी २०२२ मध्ये घेतला होता, पण विरोधानंतर तो अमलात आला नाही; म्हणून सांगलीत आपली गाठ वाइन शॉपशीच पडते, आणि तिथे मुख्य धंदा व्हिस्की, रम आणि बिअरचा असतो. वाइनच्या बाटल्या वरच्या फळीवर, ट्यूबलाइटखाली किंवा रस्त्याकडच्या काचेत उभ्या असतात. प्रकाश आणि उष्णता यांनी पांढरी वाइन फार लवकर बिघडते. म्हणून दुकान निवडताना वाइनचा खप किती आहे ते पाहावे. एकाच वाइनच्या बाटल्यांवर वेगवेगळी वर्षे दिसत असतील आणि त्यांवर धूळ साचली असेल, तर तिथला माल हलत नाही. ज्या दुकानात वाइन फ्रिजमध्ये असते किंवा निदान वातानुकूलित भागात असते, तिथे वीस-पंचवीस मिनिटे जास्त लागली तरी जावे. दुकानदाराला ‘गेल्या महिन्याभरात आलेल्या खोक्यातली द्या’ असे सरळ सांगावे. ओळख झाल्यावर तो आपणहून आतली बाटली काढून देतो.

बाटली हातात आली, की ती उजेडासमोर धरून मान पाहावी. द्रवाची पातळी झाकणाच्या खाली बोटभर असावी. ती खांद्यापर्यंत उतरलेली असेल, तर आत हवा शिरलेली आहे. बूच असलेल्या बाटलीवरच्या वेष्टनाला अंगठ्याने हलके दाबून पाहावे. बूच वर सरकून वेष्टन फुगले असेल किंवा कडेला चिकट, वाळलेला ओघळ असेल, तर ती बाटली कधीतरी इतकी तापली आहे, की आतल्या वाइनने फुगून बूच ढकलले. अशी बाटली कितीही नामांकित असली तरी परत ठेवावी. पांढरी वाइन फिकट पिवळी किंवा किंचित हिरवट दिसली पाहिजे. चहाच्या रंगाकडे झुकलेली असेल तर घेऊ नये. या किमतीत फिरकीचे झाकण हे चांगलेच लक्षण समजावे, कारण त्यात बुचाचा दोष उतरण्याचा धोका जवळपास राहत नाही.

मार्च ते मे या काळात बाटली घेतल्यावर ती गाडीच्या डिकीत ठेवून बाजारहाट करत फिरू नये. एका दुपारची डिकीतली उष्णताही तिला पुरेशी घातक असते. साठवणीसाठी १२ ते १५ अंश तापमान आदर्श मानतात आणि सांगलीचा उन्हाळा चाळिशीपर्यंत जातो, हे लक्षात घेता आपल्याकडे साठा करूच नये. लागेल तशी एकेक बाटली आणावी आणि घरी आणल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवावी.

थंडावा

एक पैसाही जास्त न घालता चव सुधारण्याचा याहून प्रभावी उपाय मला माहीत नाही. लाल वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी हा सल्ला थंड देशांतल्या घरांचा आहे, तिथल्या जुन्या घरांत ते तापमान १६ ते १८ अंश असे. आपल्या बैठकीत एप्रिलमध्ये ३२-३३ अंश असताना उघडलेली शिराझ नुसत्या अल्कोहोलचा भपकारा देते आणि फळाचा वास त्यात हरवून जातो. तीच बाटली तासभर ते सव्वा तास फ्रिजमध्ये ठेवून मग उघडली, तर तिखट भपकारा बसतो आणि जांभूळ व मिरीचा वास वर येतो.

पांढरी आणि रोझे ८ ते १० अंशांवर चांगली लागते. त्यासाठी ती फ्रिजमध्ये तीन-चार तास ठेवावी. रात्रभर ठेवलेली असेल, तर प्यायच्या आधी दहा-पंधरा मिनिटे बाहेर काढावी, कारण अतिशय गार वाइनचा वास दबून जातो. घाई असेल, तर पातेल्यात बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून त्यात बाटली मानेपर्यंत बुडवावी. वीस-पंचवीस मिनिटांत काम होते. नुसता बर्फ घालू नये, पाणी हवेच, कारण बाटलीला सगळीकडून स्पर्श पाण्याचाच होतो. पेल्यात बर्फाचे खडे टाकणे टाळावे, वाइन पाणचट होते.

पेला पातळ काचेचा आणि तोंडाशी किंचित निमुळता असावा, आणि तो एक तृतीयांशच भरावा, म्हणजे वास गोळा व्हायला जागा राहते. फुलपात्रात किंवा स्टीलच्या पेल्यात वास समजत नाही.

उघडल्यावर दोष ओळखणे

पहिला घोट घेण्याआधी वास घ्यावा. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा भिजलेल्या पोत्याचा वास आला, तर तो बुचाचा दोष आहे आणि तो कशानेही जात नाही. काप करून ठेवलेल्या, काळपट पडलेल्या सफरचंदाचा वास आला, तर वाइनला हवा लागली आहे. व्हिनेगरचा झणका आला, तर ती आंबली आहे. या तिन्ही प्रसंगी बाटली झाकण लावून, बिलासह शक्य तितक्या लवकर दुकानात न्यावी. सगळेच बदलून देतात असे नाही, पण नम्रपणे सांगितल्यावर पुढच्या वेळी ताजा माल तरी नक्की मिळतो. विझलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा वास आला, तर घाबरू नये. तो गंधकाचा असतो आणि पेला हलवत दहा मिनिटे ठेवल्यास बहुधा निघून जातो.

आपल्या जेवणासोबत

स्वस्त वाइन नुसती पिण्यापेक्षा जेवणासोबत पुष्कळ चांगली लागते, परंतु जोडी जुळली पाहिजे. मिरचीचा तिखटपणा आणि अल्कोहोल एकमेकांना वाढवतात आणि लाल वाइनचा तुरटपणा त्यात भर घालतो; म्हणून झणझणीत तांबड्या रश्श्यासोबत लाल वाइन घेतली, की तोंड पेटते आणि दोन्हींची चव जाते. किंचित गोडसर, गार शेनिन त्याच रश्श्यासोबत तिखटाला आवरते. अख्खा मसूर आणि कडक भाकरी हे जेवण तर शेनिनसाठी जणू मुद्दाम बनवलेले आहे: मसुराचा पिठूळपणा, फोडणीतला लसूण आणि वरून पिळलेले लिंबू यांना वाइनचा आंबटपणा बरोबर भेटतो. एकच काळजी घ्यावी. लिंबू जास्त झाले, तर वाइन सपक वाटेल, कारण पदार्थ वाइनपेक्षा आंबट असून चालत नाही.

पांढऱ्या रश्श्यासोबत शेनिन किंवा सोविन्यो ब्लांक चालते. हिवाळ्यात शेतावर हुरडा आणि लसणाची चटणी असेल, तर कोरडी सोविन्यो न्यावी. कोवळ्या ज्वारीचा हिरवा वास तिच्या वासाला जवळचा आहे. कृष्णाकाठच्या वांग्याच्या भरितातला धुरकट स्वाद शिराझला आवडतो, मात्र भरितात मिरची बेताची असावी. भडंगासारख्या खारट खाण्याने लाल वाइनचा कडवटपणा कमी भासतो, हे घरी सहज करून पाहता येईल. गोड पदार्थ पानात आला, की कोरडी वाइन आंबट आणि पातळ लागू लागते. म्हणून श्रीखंडाच्या आधीच पेला संपवावा.

झाकून चाखणे

स्वतःची आवड ओळखण्याचा खरा मार्ग हाच आहे. चार-पाच जणांनी वर्गणी काढून एकाच प्रकारच्या तीन बाटल्या आणाव्यात, उदाहरणार्थ तीन निरनिराळ्या कंपन्यांच्या शेनिन: एक तळाच्या किमतीची, एक मधली, एक त्यांहून दोन-तीनशे रुपयांनी महाग. तिन्ही सारख्याच गार कराव्यात. एकाने दुसऱ्या खोलीत त्या मानेपर्यंत वर्तमानपत्रात गुंडाळून, रबर लावून, मार्करने क्रमांक घालावेत आणि स्वतः गुण देण्यातून बाहेर राहावे. प्रत्येकाने तिन्हींतून दोन-दोन घोट घेऊन कागदावर क्रम लिहावा, आणि सगळ्यांचे लिहून होईपर्यंत कोणी काही बोलू नये. एकाने ‘ही छान आहे’ म्हटले, की बाकीच्यांच्या जिभा तिकडे झुकतात. मग साधी पोळी किंवा उकडलेला बटाटा खाऊन तोंड स्वच्छ करावे आणि जेवणासोबत पुन्हा एकदा क्रम लावावा. दोन्ही क्रम पुष्कळदा वेगळे येतात, आणि त्यांतला दुसरा आपल्या उपयोगाचा असतो. अमेरिकेत सहा हजारांहून अधिक झाकलेल्या चाखण्यांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात प्रशिक्षण नसलेल्या लोकांना महाग वाइन सरासरीने किंचित कमीच आवडल्याचे दिसले; तेव्हा स्वस्त बाटली पुढे आली, तर तिच्यावर विश्वास ठेवावा. त्या रात्री ज्यांना गाडी चालवायची आहे, त्यांना यात बसवू नये.

पसंत पडलेल्या वाइनचे नाव, वर्ष, दुकान आणि सोबतचा पदार्थ फोनमध्ये टिपून ठेवावा. पुढच्या वर्षीची तोडणी वेगळी उतरू शकते, म्हणून नव्या वर्षाची पहिली बाटली एकच घ्यावी.

उरलेली वाइन

उघडलेली बाटली झाकण लावून, उभी, फ्रिजमध्ये ठेवावी. लाल असली तरीही. पांढरी आणि रोझे दोन-तीन दिवस, लाल तीन-चार दिवस नीट राहते. निम्मी उरणार हे आधीच ठाऊक असेल, तर बाटली उघडल्याबरोबर निम्मी वाइन स्वच्छ धुऊन वाळवलेल्या ३७५ मिलिलिटरच्या बाटलीत अगदी तोंडापर्यंत भरून ठेवावी. आत हवाच राहिली नाही, की ती आठवडाभरही तग धरते. त्यापुढची वाइन पिऊ नये, पण टाकूनही देऊ नये. कोंबडी मुरवताना दह्याऐवजी अर्धी वाटी शिळी शेनिन, आले-लसूण आणि मीठ लावून दोन तास ठेवावे, आणि परतताना ती पूर्ण आटू द्यावी.